पायाखालून पाचोळा उडाला! अंडी हलवू का?

तालीवरचा
सुप्याकडे आमचं दोन एकर पड आहे, निव्वळ मुरूम. परवा भर दुपारी मोजणीचा दगड शोधत फिरत होतो. पाय टाकणार तेवढ्यात समोरचा पाचोळाच भुर्रकन उडाला! पंधरा फुटांवर जाऊन बसला आणि बसल्या क्षणी गायब. मी त्याच्याकडेच बघत होतो हो, तरी सापडेना. उडाला तिथे उघड्यावर दोन अंडी. घरटं नाही, काडी नाही. सोमवारी नांगरटीला ट्रॅक्टर येतोय. अंडी बांधाकडे सरकवली तर चालतील? टिटवीची आहेत का?

चिंचेखाली
टिटवी नव्हे. तिची बहुधा चार असतात आणि ती ओरडून अख्खा माळ गोळा करते. हा रातवा, रात्री फिरणारा पक्षी. रात्री चक-चक-चक-चर्रर्र असं ऐकू येतं का? टप्पे घेत थांबणाऱ्या चेंडूसारखं?

तालीवरचा
येतं की! मी किडा समजत होतो.

चिंचेखाली
मग तोच. अंडी अजिबात सरकवू नका. त्याचा सगळा बचाव त्या जागेवर आहे. पोट जमिनीला टेकवून बसतो म्हणजे सावली पडत नाही. डोळे मोठे काळेभोर, त्या डोळ्यांमुळेच तो ओळखू येईल, म्हणून दिवसा फक्त फट ठेवतो. झांबियातल्या अभ्यासात (२०१६) ज्या रातव्यांची पिसं आजूबाजूच्या जमिनीशी जास्त जुळत होती, त्यांची अंडी जास्त वाचली. बांधावरच्या गवतात तो उठून दिसेल.

पारावरून
भोवती चुन्याचं रिंगण करा, ट्रॅक्टरवाल्याला दिसेल.

चिंचेखाली
कावळ्यालाही दिसेल! खूण लांबची धरा, बाभळीपासून अमुक पावलं अशी. आणि मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका. तो उठला की अंडी उन्हात उघडी.

तालीवरचा
आज पुतण्याची दुर्बीण घेऊन बाभळीखाली बसलो. अर्धा तास नुसती ढेकळं. मग एका ढेकळाचा गळा थरथरताना दिसला!

चिंचेखाली
उकाड्यात गळा असा हलवून अंग थंड ठेवतो.

तालीवरचा
ट्रॅक्टरवाला तेवढा तुकडा सोडायला तयार आहे. पैसे मात्र पूर्ण दोन एकरांचे म्हणतो.