पत्रिकेवर क्यूआर कोड टाकायचाय, पण आत्याला वाटतंय आम्ही आहेर मागतोय

मिरजेची_ताई
बहिणीचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेचच्याच मुहूर्तावर, आणि पत्रिका या आठवड्यात छापायला द्यायच्यात. हळद गावातल्या घरी, लग्न सांगली-मिरज रस्त्यावरून आत गेल्यावर एका कार्यालयात, आणि पाहुणे पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव असे चहूकडून. चुलतभावाच्या लग्नात सकाळपासून बाबांच्या फोनला उसंत नव्हती, अक्षता पडत होत्या तेव्हाही ते कानात बोट घालून कुणाला तरी "पेट्रोल पंपाच्या अलीकडे वळा हो" सांगत होते. म्हणून म्हटलं पत्रिकेवर क्यूआर कोड टाकू, स्कॅन केला की दोन्ही ठिकाणचे मॅप, वेळा, कोणाला फोन करायचा ते सगळं दिसेल.
तर आत्या बिथरली. म्हणे, वर "कृपया आहेर आणू नये" आणि खाली वाण्याच्या दुकानासारखा कोड, लोक म्हणतील रोख नको ऑनलाइन द्या. निम्मं घर तिच्या बाजूने. त्यात छापणारे म्हणतायत जागा नाही, कोपऱ्यात बारका करून बसवू. कोणी केलंय का असं? कोड फुकट बनवणाऱ्या साइट चालतात का?

डीटीपीवाला
आत्याबाई चुकीचं बोलत नाहीयेत, आपल्याकडे कोड दिसला की माणूस आधी खिशाला हात लावतो. कोडखाली ठळक लिहा, "कार्यालयाचा रस्ता". नुसतं "स्कॅन करा" नको.
आणि कोपऱ्यात अजिबात घेऊ नका हो ताई. हळदकुंकू कुठे लावता पत्रिकेला? कोपऱ्यालाच ना! हळदीचं काही नाही पण ओलं कुंकू गडद पडतं. हा कोड १९९४ साली जपानात डेन्सो वेव्हने गाड्यांच्या पार्टवर नजर ठेवायला काढला, कारखान्यात मळ लागला तरी वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय आहे, सगळ्यात वरची एच लेव्हल घेतली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो. पण ते तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन असतात ना, त्यांच्यावरून फोनला कळतं की हा कोड आहे, त्यातल्या एकावर कुंकवाचं बोट उमटलं की संपलं. मधोमध खाली घ्या, निदान २ सेंटिमीटर, मी तर अडीच धरतो, आणि चारही बाजूंना कोडातल्या ४ बारक्या चौकोनांएवढी कोरी जागा सोडा, वेलबुट्टी तिथे घुसू देऊ नका. सोनेरी फॉइलमध्ये तर नकोच, दिव्याखाली चमकतं आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मरून पत्रिकेवर पांढरा कोड मागतात लोक, तोही काही फोन वाचत नाहीत. पांढऱ्या चौकटीत काळा, दिसायला साधा पण चालतो.
दारातल्या फ्लेक्सवर टाकणार असाल तर जेवढ्या लांबून स्कॅन करायचा त्याच्या दहावा हिस्सा रुंदी धरा, २ मीटरवरून तर २० सेंटिमीटर.

जळलेला_जावई
फुकट साइटचं माझ्याकडून ऐका. मेहुण्याच्या लग्नात ४०० पत्रिका वाटून झाल्या आणि लग्नाच्या आठ दिवस आधी कोड स्कॅन केला की "तुमचा ट्रायल संपला, पैसे भरा". सासरेबुवांनी तेव्हापासून मला कॉम्प्युटरचं काम सांगितलेलं नाही (हा एक फायदा). झालं असं की मी डायनॅमिक कोड घेतला होता, त्यात आपली लिंक नसतेच, त्या साइटची असते आणि ती पुढे ढकलते, तिने ढकलायचं बंद केलं की आपण बसलो. स्टॅटिक घ्या, त्यात लिंक थेट चौकोनांतच असते, ती कधी एक्स्पायर होत नाही.
आता मुहूर्त बदलला तर काय, तर गूगल साइट्सवर फुकटात स्वतःचं एक पान करा आणि त्याची लिंक स्टॅटिक कोडात टाका, पानावर पाहिजे ते बदला, कोड तोच राहतो. लिंक आखूड ठेवा, लांबलचक असली की चौकोन बारीक होतात. पान सगळ्यांना उघडं आहे ना ते दुसऱ्याच्या फोनवर बघा, नाहीतर सगळे मामा-मावश्या परवानगी मागणारे ईमेल धाडतात.

कोल्हापुरी_वहिनी
निम्म्या लोकांना पत्रिका व्हॉट्सॲपवरच जाणार ना? मग आपल्याच फोनमधला कोड आपल्याच फोनने कसा स्कॅन करायचा, माझ्या सासूबाई आरशासमोर धरून बसल्या होत्या. गूगल लेन्सने होतं पण ते कोण कोणाला शिकवणार, त्यापेक्षा फोटोखाली लिंक पेस्ट करा. आणि कार्यालयाचं नाव मॅपवर शोधून तेच पिन घेऊ नका, स्वतः जाऊन गेटवर उभं राहून पिन टाका. आमच्या वेळी मॅपने सगळ्यांना मागच्या अंगाला नेलं, मध्ये भिंत आणि अलीकडे ऊस, वऱ्हाड उसात.

जुनं_खोड
पेट्रोल पंपाच्या अलीकडे वळा हे पत्रिकेत छापा की. कोड टाका, पण पत्ता आणि दोन फोन नंबर शब्दांत पाहिजेतच, माझ्या फोनला बटणं आहेत.

मिरजेची_ताई
जुनं खोड, छापतेय, पंपासकट! नंबर बाबांचा नाही, दोन्ही भावांचे.
काल कार्यालयाच्या गेटवर जाऊन पिन टाकला, मॅपमधला खरंच शेजारच्या गोडाऊनवर होता. पान झालं, कोड स्टॅटिक, मधोमध अडीच सेंटिमीटर, काळा. प्रूफ आल्यावर आत्याने स्वतः स्कॅन करून बघितला, तोही पैसे पाठवायच्या ॲपमधूनच, तर कोड चालत नाही असं आलं. आमचे चेहरे पडले आणि ती मात्र खूश, म्हणे पैसे जात नाहीत ना, मग छापा. आता खाली अजून एक ओळ वाढवलीय, "फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करावे". छापणारे परत म्हणतायत जागा नाही.