गेटसमोरचा रॅम्प काढायची नोटीस आली, अपील कुठे करायचं?

लेआउटवाला_भाऊ
नमस्कार मंडळी. दक्षिण नागपूरकडच्या एका जुन्या ले-आउटमधे राहतो आम्ही. मागे गल्लीत सिमेंट रोड झाला, ठेकेदाराने जुना डांबरी खोदलाच नाही, त्याच्याच वर टाकून दिला, आता रोड वर आणि आमची अंगणं खाली. पहिल्याच पावसात पाणी हॉलपर्यंत आलं. मग सगळ्यांनी गेटजवळ उंच करून घेतलं आणि गाडी चढावी म्हणून नालीवरून सिमेंटचे रॅम्प बांधले, आमचाही आहे, वडिलांना व्हीलचेअरवर बाहेर काढावं लागते त्यामुळे तो पाहिजेच आहे.

आता पूर्ण गल्लीला महापालिकेची नोटीस आली, सात दिवसात रॅम्प काढा नाहीतर पथक येऊन काढेल आणि खर्च तुमच्याकडून घेईल. खाली कलम २२९ आणि २३१ लिहिलं आहे. शेजारचे काका म्हणतात सुप्रीम कोर्टाने सांगितलं पंधरा दिवस द्यावेच लागतात, दुसरे म्हणतात नगरसेवकाला फोन करा. हे नियम बनवते कोण, आम्हाला कोणी विचारलं होतं काय, आणि याच्यावर अपील कुठे करायचं? रोड करताना कोणी लेव्हल पाहिली नाही आणि आता अतिक्रमण आमचंच ठरून राहिलं, याचंच जास्त वाईट वाटते.

महाल_कट्टा
भाऊ आधी नोटीस नीट वाचा, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम आहे त्याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून असते, लोक हेच पाहत नाहीत आणि सरळ वकिलाकडे धावतात. नागपूरला आधी १९४८ चा वेगळा नागपूर महापालिका कायदा होता, २०१२ पासून बाकी शहरांसारखा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू झाला, तुमच्या नोटिशीतले कलम त्यातलेच आहेत. २२९ म्हणजे रस्त्यावर किंवा रस्त्यातल्या नालीवर परवानगीशिवाय भिंत, कठडा, पायरी असं काही बांधायचं नाही. २३१ म्हणजे असं काही दिसलं तर आयुक्त विना नोटीस काढू शकतात. म्हणजे तुम्हाला सात दिवस दिले हेच कलमापेक्षा जास्त आहे, कडू वाटेल पण खरं आहे.

पंधरा दिवसांचं काकांचं अर्धं बरोबर आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पाडापाडीआधी पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, लेखी आदेश आणि आदेशानंतरही पंधरा दिवस असं सांगितलं आहे. मार्च २०२५ मधे हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने एका पाडापाडीला स्थगिती दिली तेव्हाही याच निकालाचा आधार होता. पण सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात लिहिलं आहे की रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाइनच्या बाजूची जागा, नदी-नाला अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे लागू नाही. रॅम्प नालीवर आहे, नाली रस्त्याची आहे. घर पाडायची नोटीस असती तर गोष्ट वेगळी होती.

शेवटचं_घर
मी तुमच्यासारख्याच गल्लीत राहते पण उताराच्या शेवटी. वरच्या सगळ्या घरांनी नालीवर पक्के रॅम्प घातले, खालून एक-एक पाइप टाकला, त्यात पन्न्या अडकतात, सफाईवाल्या दादांना आत फावडं घालायला जागाच नाही, आणि ते सगळं पाणी माझ्या दारात येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमधे शिरलं तेव्हा पूर्ण शहराने पाहिलं की पाण्याची वाट अडली की काय होते. तुमच्या वडिलांचं मला समजते, खरंच समजते, माझ्या सासूबाई पण वॉकरवर आहेत. पण अपील जिंकून रॅम्प तसाच ठेवू म्हणाल तर खालच्या घराचा विचार करा प्लीज. गाडी वर चढायची सोय आणि नाली उघडी राहायची सोय दोन्ही एकदमच मागा.

लेआउटवाला_भाऊ
ताई तुमचं पटलं, आमच्या गल्लीतही शेवटी एक घर आहे आणि त्यांच्याकडे पाणी साचते हे खरं आहे. मग मागायचं काय आणि कोणाला?

रिटायर्ड_ओव्हरसियर
मी रस्त्याचीच कामं पाहिली आहेत म्हणून लिहितो. सिमेंट रोडमधे खाली डीएलसी म्हणजे कोरड्या हलक्या काँक्रीटचा थर, वर पीक्यूसी म्हणजे रस्त्याचं पक्कं काँक्रीट, दोन्ही मिळून फूटभर सहज होते. जुना रस्ता तेवढा खोदून काढला तर लेव्हल जिथल्या तिथे राहते, नाही काढला तर तेवढा रोड वर येतो. म्हणून अंदाजपत्रकात खोदकामाचा आयटम होता काय आणि त्याचं बिल निघालं काय, हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे त्यामुळे रामायण लिहू नका. मागा फक्त एवढं: त्या रस्त्याचं मंजूर अंदाजपत्रक, लेव्हल दाखवणारं ड्रॉइंग, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. काम प्रत्यक्ष पाहायचा आणि मालाचे नमुने घ्यायचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तीस दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसात पहिलं अपील, मग नव्वद दिवसात राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे.

पण नोटीस सात दिवसांची आहे, माहिती अधिकार त्याच्या आधी कामी येणार नाही. म्हणून झोनच्या सहायक आयुक्तांना गल्लीच्या सह्यांचं पत्र द्या, एकट्याने नको. पत्रात रॅम्प कायम ठेवा असं मागू नका. संयुक्त पाहणी मागा, जेई (महापालिकेचे कनिष्ठ अभियंता) आणि तुम्ही दोघं असताना लेव्हल मोजायची. उतार गेटच्या आत तुमच्या अंगणात घ्यायची तयारी दाखवा आणि नालीवर उचलता येणारी लोखंडी जाळी टाकायची परवानगी मागा, जाळी उचलली की सफाई होते. व्हीलचेअरचं वेगळं लिहा आणि डॉक्टरांचा कागद जोडा. रस्त्याच्या पाण्याचा निचरा, नाल्या बांधणं आणि साफ ठेवणं हे कलम ६३ प्रमाणे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, हेही पत्रात येऊ द्या. आवक विभागाचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महाल_कट्टा
ओव्हरसियर काकांनी छान सांगितलं. अपीलाचं राहिलं होतं. घरटॅक्सवर कलम ४०६ चं अपील आहे, पंधरा दिवसात न्यायाधीशापुढे, आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. विनापरवाना बांधकामाला एमआरटीपीचं (राज्याच्या नगररचना कायद्याचं) कलम ५३ लावलं असेल तर बांधकाम नियमित करायचा अर्ज करता येते. २२९-२३१ ला असं आखून दिलेलं अपील नाही. म्हणजे लेखी हरकत, पाहणी, आणि त्याने नाही झालं तर हायकोर्टात रिट याचिका. दिवाणी दावा म्हणाल तर महापालिकेविरुद्ध आधी महिनाभराची नोटीस द्यायची अट कलम ४८७ मधे आहे, ते वकिलाला विचारून घ्या, सात दिवसात ते बसत नाही.

नियम बनवते कोण म्हणाले ना, तर मूळ कायदा विधिमंडळाचा. त्याखालचे उपविधी आयुक्त मसुदा करून महापालिकेच्या सभेपुढे ठेवतात, लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, मग राज्य सरकारची मंजुरी. बांधकाम नियमावली तर आता राज्याचीच आहे, डिसेंबर २०२० पासूनची एकीकृत. आणि सभेने ठराव केला तरी राज्य सरकार कलम ४५१ ने तो विखंडित म्हणजे रद्द करू शकते. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर कितीतरी काळ प्रशासकच होते, सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच टेबलावर, त्या काळात लोकांनी प्रश्न विचारायला जागाच उरली नव्हती. मला याची मनापासून चीड आहे. हरकती मागवल्याची जाहिरात पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, ती कोणी वाचत नाही, आणि मग रोड बनल्यावर आपण भांडतो. रोडचं काम मंजूर होतानाच झोनच्या सभेत गल्लीतले दहा लोक जाऊन लेव्हल विचारतील तर अर्धे रॅम्प लागणारच नाहीत.

लेआउटवाला_भाऊ
धन्यवाद सगळ्यांना. उद्या सकाळी सह्या घेतो, खालच्या घरच्या काकूंची सही सगळ्यात आधी. एक विचारायचं राहिलं, पत्र दिल्यावरही पथक आलंच तर?

रिटायर्ड_ओव्हरसियर
अडवू नका, हात लावू नका, उगाच सरकारी कामात अडथळ्याची केस होते. शिक्क्याची प्रत दाखवा, पाहणी प्रलंबित आहे असं शांतपणे सांगा, व्हिडिओ काढा आणि पथकप्रमुखाला पंचनामा मागा. आजच टेप लावून फोटो काढून ठेवा, रोडच्या काठापासून अंगणापर्यंत किती खोल आहे ते आकडा दिसेल असा, प्रत्येक घराचा एक. एकदा जागा तुटली की लेव्हल सिद्ध करायला काही राहत नाही.

शेवटचं_घर
आणि नालीचेही फोटो काढा, आतून, टॉर्च मारून. पाइप किती बुजला आहे ते जेईला तिथेच दाखवता येईल.