कार्डं लावायची कशी? संच मोडावा की न मोडावा?

गिरगावकर७८

गेले तीन रविवार फरशीवर बसून क्रिकेटची कार्डं लावतोय आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. माझं मत ठाम आहे, ते इथे मांडतो. पटणार नाही त्यांनी खोडून काढावं.

ऐवज असा आहे. 'बिग फन' बबलगमबरोबर मिळालेली शंभरेक कार्डं, रिलायन्स कपाच्या, म्हणजे १९८७ च्या विश्वचषकाच्या आसपासची. ट्रम्प कार्डांचे चार जोड. मुलाने जमवलेली आयपीएलची 'क्रिकेट अटॅक्स', सहाशेच्या वर. आणि मावसभावाने लंडनहून आणून दिलेला जॉन प्लेअर कंपनीचा १९३८ चा 'क्रिकेटर्स' संच. सिगारेटच्या पाकिटातून निघायची ती छोटी कार्डं, पूर्ण पन्नास.

माझं म्हणणं एवढंच की संच मोडायचा नाही. जे कार्ड ज्या मालिकेत छापलं गेलं, ते तिथेच राहील, छापील क्रमांकाने. बायको आणि मुलगा म्हणतात खेळाडूप्रमाणे लावा, म्हणजे हवं ते पटकन सापडतं. सापडेल, कबूल. पण तो १९३८ चा संच एकदा सलग बघा. इंग्लंडचे खेळाडू आणि त्या उन्हाळ्यात दौऱ्यावर आलेले ऑस्ट्रेलियाचे, सगळे एका मोसमाचे. ब्रॅडमन आहे. हेडली व्हेरिटी आहे, जो पुढे १९४३ मध्ये इटलीत युद्धकैदी असताना जखमांनी गेला. संच निघाल्यावर दोन वर्षांत कागदाच्या टंचाईपायी इंग्लंडात सिगारेट कार्डंच बंद झाली. पन्नास जण ओळीने बसलेले असतात तेव्हा हे मनात येतं. त्यातून ब्रॅडमन उचलून माझ्या 'महान फलंदाज' फाइलमध्ये टाकला, तर उरलेले एकोणपन्नास भोक पडलेल्या चादरीसारखे दिसतात.

डबल वेगळ्या खोक्यात. ट्रम्प कार्डं खेळायची आहेत, त्यांना रबर लावून ठेवली तरी चालेल.

स्ट्रेटड्राइव्ह

रबर लावू नका, ट्रम्प कार्डांनासुद्धा नाही! कडेला खाच पडते.

आता मुद्द्यावर. संच म्हणजे शेवटी कंपनीने माल खपवायला केलेली यादी. तंबाखू विकणाऱ्याने कोणाला १ नंबर दिला आणि कोणाला ५०, तो क्रम मी माझ्या घरात का पाळावा?

मी फक्त सचिनची कार्डं जमवते. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या देशांतली, काही तर वर्तमानपत्राबरोबर आलेली. सगळी एका फाइलमध्ये, १९८९ पासून २०१३ पर्यंत. पानं उलटत गेलं की पोरसवदा मुलाचा बाप्या होताना दिसतो. स्टान्स तोच, पॅड बदलतात, हेल्मेट बदलतं, बॅट जाड होत जाते. बॅटवरचे स्टिकर तर घड्याळासारखे वाचता येतात. १९९६ च्या विश्वचषकात त्याची बॅट कोरी होती, स्टिकरच नव्हता. पुढे एमआरएफ आलं. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं, कार्डं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. तुमच्या पद्धतीने ही सगळी चौदा ठिकाणी विखुरली असती.

गिरगावकर७८

स्टिकरचं उदाहरण छान दिलंत, पण ते तुमच्याच विरोधात जातं. कार्डावरचा फोटो आणि कार्ड छापल्याचं साल एक असतं असं नाही. कंपन्या जुने फोटो सर्रास वापरतात. कोऱ्या बॅटचा सचिन दोन वर्षांनी छापलेल्या कार्डावर असला, तर ते तुम्ही कुठे लावता? फोटोच्या सालात की कार्डाच्या?

स्ट्रेटड्राइव्ह

फोटोच्या. मला खेळाडू बघायचाय, छापखाना नाही. आणि हो, त्यामुळे मला प्रत्येक कार्डाचा फोटो कधीचा हे शोधत बसावं लागतं. त्यातच तर माझी मजा आहे. जर्सी, स्टिकर, मागचा साइटस्क्रीन, सगळं तपासते. क्रमांक बघून खणात सरकवायला पाच सेकंद लागतात. त्या पाच सेकंदांत कार्डाकडे नीट बघणंही होत नाही.

एडिसनचा_मराठी

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे बेसबॉल कार्डं गोळा करणाऱ्यांत हा वाद फार जुना आहे, आणि दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असं एक उदाहरण माझ्याकडे आहे.

टॉप्स कंपनीचा १९५२ चा संच, एकूण ४०७ कार्डं. त्यातला ३११ क्रमांकाचा मिकी मँटल २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. एवढा महाग का? खेळाडू मोठा होताच, शिवाय ३११ पासून पुढची कार्डं मोसम संपत आल्यावर दुकानात आली. पोरांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे. माल पडून राहिला आणि पुढे कंपनीने उरलेली खोकी बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये बुडवली. आता संच क्रमांकाने लावलेला असेल तरच हे दिसतं, कारण ३१० पर्यंत खण भरलेले असतात आणि पुढे ओसाड. खेळाडूनुसार लावलं तर ही भिंत कळतच नाही. इथवर गिरगावकर बरोबर.

त्याच संचाचं पहिलं कार्ड अँडी पॅफ्कोचं. खेळाडू चांगला, पण मँटलच्या पंगतीतला नव्हे. तरी ते कार्ड स्वच्छ स्थितीत मिळणं फार दुर्मीळ. कारण? पोरं संच क्रमाने लावून वर रबर लावायची. रबर, ऊन, खिशातली घासाघीस, सगळं एक नंबरच्या अंगावर. क्रमाने लावण्याची किंमत बिचाऱ्या पॅफ्कोने मोजली. तेव्हा स्ट्रेटड्राइव्ह रबराबद्दल म्हणतात ते अगदी मनावर घ्या.

आणि ज्या कार्डांवर क्रमांकच नाही, त्यांचं काय कराल? १९०९ ते १९११ मधली तंबाखूची कार्डं, ज्यांत होनस वॅगनरचं प्रसिद्ध कार्ड आहे, त्यांवर नंबर नाही. पाचशेहून जास्त कार्डं आहेत आणि मागच्या बाजूला वेगवेगळ्या सिगारेट ब्रँडच्या जाहिराती. आज सगळे त्यांना 'टी २०६' म्हणतात. ते नाव कंपनीचं नाही, जेफरसन बर्डिक नावाच्या गोळा करणाऱ्या माणसाचं. सिरॅक्यूजमध्ये कारखान्यात काम करायचा, संधिवाताने हात आखडलेले. त्याने १९३९ मध्ये अमेरिकन कार्डांची सूची काढली. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची, एन म्हणजे एकोणिसाव्या, ई आणि आर म्हणजे गोळ्या-चुइंगमची. पुढे तीन लाखांवर नग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि तिथे वर्षानुवर्षं जाऊन स्वतःच्या हाताने ते वह्यांत लावले. काम १९६३ च्या जानेवारीत संपलं, मार्चमध्ये तो गेला.

म्हणजे ज्या संचाला आपण कंपनीचा क्रम म्हणतो, तोही कधी कधी कुणा छांदिष्टाने मागाहून केलेला असतो.

पावसाआधी

मंडळी, मी रत्नागिरीची. तुम्ही क्रमावर भांडताय आणि इकडे जून उजाडलाय.

गिरगावकर, तुमच्या १९३८ च्या संचाची मागची बाजू बघितलीत का? प्लेअर्सच्या त्या काळच्या कार्डांना मागे गोंद असतो. एक पेनीचा अल्बम घ्यायचा आणि कार्ड ओलं करून चिकटवायचं अशी योजना होती. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत त्या गोंदाला थुंकीही लागत नाही. एकावर एक ठेवलीत तर ऑगस्टपर्यंत वीट होईल. क्रमांकाने ठेवा नाही तर नावाने, पण प्रत्येक कार्ड आधी स्वतंत्र पाकिटात घाला.

माझी लावणी स्थितीवर आणि साहित्यावर ठरते. जुनं, गोंदाचं, बुरशीचे ठिपके पडलेलं एकीकडे. धडधाकट दुसरीकडे. बुरशी लागलेलं कार्ड त्याच्या संचात परत ठेवायचं नाही, मग तो संच अपुरा दिसला तरी चालेल.

फाइलसुद्धा नीट बघून घ्या. गोल कड्यांच्या फाइलमध्ये कडीलगतची कार्डं चेपतात, डी आकाराच्या कड्यांची घ्या. नऊ खणांची पानं पॉलिप्रॉपिलिनची हवीत. स्टेशनरीत मिळणारं मऊ, वासाचं पीव्हीसी नको, ते काही वर्षांत चिकट होतं आणि छपाई ओढून घेतं. ती नऊ खणांची पानं अडीच बाय साडेतीन इंचाच्या कार्डांसाठी असतात, सिगारेट कार्ड त्यात खुळखुळतं. त्याला लहान खणांची पानं वेगळी मिळतात. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. आमच्याकडे पोथ्यांत वेखंड ठेवतात, कार्डांच्या कपाटातही मी तेच ठेवते, पण पुरचुंडीत बांधून, कार्डाला न टेकवता. सिलिका जेलच्या पुड्या दर महिन्याला बदलते. आणि भरण्याचं काम थंडीत करा. दमट हवेत पाकीट बंद केलंत तर दमटपणाच आत कोंडता.

पुणे_वॉरियर

आयपीएलच्या सहाशे कार्डांवर कुणी बोलत नाहीये, तीच तर संख्येने जास्त आहेत. ती संघाप्रमाणे लावावीत असं मला वाटतं. मुलं संघाच्या रंगाने ओळखतात. निळं पान मुंबई, पिवळं चेन्नई.

आणि मला संघच महत्त्वाचे वाटण्याचं कारण सांगतो. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ एवढीच खेळली. कोची टस्कर्स एकच मोसम. डेक्कन चार्जर्स २०१२ नंतर नाही. हे संघ आता फक्त कार्डांवर उरलेत. खेळाडूप्रमाणे लावलं की गांगुली त्याच्या कोलकात्याच्या आणि भारताच्या कार्डांत मिसळतो आणि पुण्याचा संघ कधी होता याचाच पत्ता लागत नाही. गहुंजेच्या स्टेडियमवर बसून ते सामने पाहिलेत मी. माझ्यासाठी ते पान आहे तसं राहायला हवं.

स्ट्रेटड्राइव्ह

मग अजिंक्य रहाणे कुठे ठेवणार? मुंबई, राजस्थान, रायझिंग पुणे, पुन्हा राजस्थान, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, परत कोलकाता. संघाप्रमाणे लावलंत तर एका माणसाची कारकीर्द सहा पानांवर तुकडे तुकडे होऊन पडते.

पुणे_वॉरियर

पडू दे. त्याची कारकीर्द तशीच झाली आहे.

दहापैकी_दहा

तुम्ही सगळे भावनेने लावताय. माझ्याकडे तीनच खोकी आहेत. महाग, मध्यम, बाकीचं. महाग कार्डं आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात. नुसत्या टॉपलोडरमध्ये टाकलं तर कडक प्लॅस्टिकने चरे पडतात. घरात आग लागली किंवा पाणी शिरलं तर कुठलं खोकं उचलायचं हे माहीत असायला हवं.

पावसाआधी

शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे पाणी शिरलंय.

दाखलअंक

मी तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात काम केलं. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाला दोन ओळखी असतात. दाखल अंक म्हणजे ते कितवं आलं, आणि वर्गांक म्हणजे ते कोणत्या विषयाचं. कपाटात पुस्तक एकाच जागी बसतं, पण सूचीत ते लेखकाच्या नावाखाली, शीर्षकाखाली, विषयाखाली, तिन्हीकडे सापडतं. तुम्ही सगळे कपाटाकडून सूचीचं काम करून घ्यायला बघताय, म्हणून भांडण मिटत नाही.

प्रत्येक पाकिटावर बारीक चिठ्ठीने अंक लावा, कार्डावर नव्हे. वहीत किंवा एक्सेलमध्ये खेळाडू, संघ, संच, छापील क्रमांक, साल, स्थिती, जागा एवढे रकाने करा. मग कार्ड संचात असो की पेटीत, रहाणे म्हटलं की सगळे रहाणे दिसतील.

स्ट्रेटड्राइव्ह

आदर ठेवून असहमत आहे. यादीत चोवीस ओळी दिसतील. चोवीस चेहरे नाही दिसणार. कोऱ्या बॅटचा रकाना मी आधी केला असता का? बॅट कोरी आहे हे कार्डं शेजारी आल्यावरच लक्षात आलं.

दाखलअंक

हे मात्र खरं आहे. कपाटापुढे उभं राहून चाळताना जे पुस्तक हाती लागतं, ते सूचीत शोधून लागत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. यादी तरीही करा.

गिरगावकर७८

सगळं वाचलं. पावसाआधी ताईंचं वाचून आधी उठलो आणि संच तपासला. दोन कार्डं एकमेकांना धरलेली निघाली. ओढू की वाफ देऊ?

पावसाआधी

दोन्ही नको! तशीच राहू द्या, कोरड्या डब्यात, सिलिका जेल घालून. डिसेंबरात बघू. वाफेने छपाई सुटते.

गिरगावकर७८

बरं. बाकीची अठ्ठेचाळीस आजच सुटी करून ठेवतो, पाकिटं कोरडी हवा आली की.

१९३८ च्या संचावर माझं मत तेच. तो क्रमांकाने राहणार, त्या दोघांची जागा मोकळी ठेवून.

'बिग फन'बाबत मात्र मागे येतो. कार्डांमागे धावांचा आकडा असायचा आणि धावा जमवून दिल्या की फडफडवून बघायचं छोटं पुस्तक मिळायचं. म्हणजे मोठ्या आकड्याची कार्डं आम्ही स्वतःच देऊन टाकली. जे उरलंय ते कुठल्याही संचाचं नाही, दुकानदाराकडे न गेलेल्याचं आहे. ती खेळाडूप्रमाणे लावतो.

आयपीएलची कार्डं मुलाची आहेत. हा धागा त्याला वाचायला दिला. त्याने दहा मिनिटांत संघाप्रमाणे गठ्ठे घातले आणि रहाणेला वेगळं पान दिलं.

स्ट्रेटड्राइव्ह, माझ्या डबलमध्ये सचिनची तीन निघालीत. एकात बॅट कोरी आहे. साल तुम्हीच ठरवा. बदल्यात वेंगसरकर असला तर बघा.