जुना गेम जुन्याच रूपात चालवावा, रीमास्टरच्या नादी लागू नये

तटबंदी :
शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डॉसवर (विंडोजआधीच्या प्रणालीवर) 'डेंजरस डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे गेम खेळलेली पिढी आता चाळिशीला आली. तेच गेम आज लॅपटॉपवर डबल क्लिकने उघडत नाहीत, कारण ते १६-बिट आहेत आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. यावरचा उपाय २००२ पासून फुकट मिळतोय : डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम. जुना प्रोसेसर, आवाजाचं साउंड ब्लास्टर कार्ड, चित्राचं व्हीजीए कार्ड, सगळं तो सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. गेम फार सुसाट पळाला तर कंट्रोल-एफ११ दाबून वेग उतरवायचा.

हे असताना रीमास्टर, म्हणजे जुन्या गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती, कशाला? माझ्या मते तो दुसराच गेम असतो. २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली आणि २००२ चा गेम पैसे मोजून घेतलेल्यांनाही ऑनलाइन खेळायला नवाच क्लायंट (गेमचा प्रोग्राम) उतरवून घ्यावा लागला. विकलेली वस्तू अशी मागाहून बदलणं मला अजिबात मान्य नाही.

गुलमोहर :
असहमत. एज ऑफ एम्पायर्स २ घ्या. १९९९ ची सीडी विंडोज ७ वर टाकली की गवत आणि पाणी लाल-जांभळं दिसायचं. गेम २५६ रंगांचा आणि ती रंगपेटी विंडोजचा एक्स्प्लोरर (डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) बिघडवायचा. म्हणून लोक टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोरर बंद करून मग गेम लावायचे. ज्याला कामावरून आल्यावर तासभर खेळायचंय, त्याने हे का करावं? २०१९ च्या 'डेफिनिटिव्ह एडिशन' या रीमास्टरमुळे हा गेम आज नव्या मुलांपर्यंत पोचलाय. २०२२ मध्ये त्यात गुर्जर, द्रविड, बंगाली हे खेळायचे नवे पक्ष आले. मूळ सीडी कपाटात जपून हे झालं नसतं.

तटबंदी :
रंगांसाठी आता चित्र दाखवण्याचं काम सांभाळणारी एक छोटी 'डीडीरॉ' फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की भागतं, एक्स्प्लोररला हात लावावा लागत नाही. आणि नवी आवृत्ती काढायला माझा विरोध नाही, जुनी गायब करायला आहे. 'मंकी आयलंड' या गेमच्या २००९ च्या आवृत्तीत एक कळ दाबली की १९९० चं चित्र समोर येतं. याला म्हणतात आदर. उलट २०२१ मध्ये 'जीटीए' मालिकेतल्या तीन गेमांचं नवं रूप येण्याआधी जुने गेम ऑनलाइन दुकानांतून उतरवले होते. ओरड झाली तेव्हा पीसीवर परत आले.

फॉस्फर :
दोघांचंही पटलं नाही. डॉसबॉक्समध्ये दिसतं ते 'मूळ' नव्हेच. ३२० बाय २०० चं चित्र सीआरटीवर (काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यावर) ४:३ आकारात ताणलं जायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल उभट. चित्रकारांनी तेच डोळ्यासमोर ठेवून चित्रं काढली. जुन्या डॉसबॉक्समध्ये अ‍ॅस्पेक्टची (चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाची) सेटिंग मुळात बंद असते, त्यामुळे प्रिन्स बुटका दिसतो आणि लोकांना वाटतं तो तसाच होता! शिवाय व्हीजीए त्या मोडमध्ये सेकंदाला ७० वेळा चित्र रंगवायचं, आपले पडदे बहुधा ६०. सरकत्या पार्श्वभूमीच्या गेममध्ये हा धक्का जाणवतो. जुनं मशीन आणि सीआरटी भंगारात देऊ नका एवढीच विनंती.

कलम_बावन्न :
चर्चा छान, पण फाइल आणायची कुठून? 'आता कोणी विकत नाही' म्हणून कॉपीराइट संपत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात प्रोग्राम हे साहित्यकृतीत मोडतात, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. कायदेशीर मिळवलेल्या प्रतीची स्वतःपुरती, बिगरव्यावसायिक नक्कल करायला कलम ५२ मुभा देतं. कुठल्याही साइटवरून उतरवलेली फाइल त्यात बसत नाही. जीओजी हे ऑनलाइन दुकान कित्येक डॉस गेम डॉसबॉक्ससकट विकतं, ते घ्या.

तटबंदी :
मिळतात ते जरूर घ्यावेत. पण २०२३ च्या एका अमेरिकी पाहणीत २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात नाहीत असं दिसलं. तरीही ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना घरबसल्या वापरायला द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये फेटाळली. मग जपायचं कोणी? प्रिन्सचा कर्ता जॉर्डन मेकनर याने २०१२ मध्ये त्या गेमचा अ‍ॅपल २ या जुन्या संगणकावरचा मूळ कोड जुन्या फ्लॉप्यांतून काढून सगळ्यांसाठी खुला केला. हक्कदाराने मनावर घेतलं तर हे होऊ शकतं.

कलम_बावन्न :
मेकनर स्वतः लेखक होता, फ्लॉप्या त्याच्याच होत्या. कंपनी दोन-तीनदा विकली गेली की हक्क नेमका कोणाकडे हेच कळत नाही आणि परवानगी मागायला दार उरत नाही. कायदा इथे तोकडा पडतो, मान्य. तो बदलून घेण्यासाठी भांडूया. तोवर 'घ्या उतरवून' असं मी कोणाला सांगणार नाही.