'शिकारी पक्षी' म्हणजे नक्की कोण?

टेकडीवेडा: आमच्या सोसायटीची मागची भिंत पुण्यातल्या वेताळ टेकडीला लागून. तिथल्या फलकासाठी मी मजकूर लिहिला, 'शिकारी पक्षी शहरी आणि नैसर्गिक असे दोन्ही अधिवास वापरतात.' सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "शिकारीचे पक्षी म्हणजे तित्तर-लावे ना? आणि वापरतात म्हणजे? अधिवास काय टॉवेल आहे?" दुसरे शब्द सुचवा.

पेठकर: काकूंचं बरोबर आहे. अधिवास हा दाखल्यावरचा शब्द, घारीला कशाला डोमिसाइल? 'घारी, शिक्रे गावातही राहतात, रानातही' लिहा आणि मोकळे व्हा.

माळरान: असं कसं मोकळं व्हायचं? घार मटणाच्या दुकानावर घिरट्या घालते, घरटं बांधते उंच झाडावर नाहीतर मोबाइल टॉवरवर. शिक्रा सोसायटीतल्याच झाडात दबा धरून सरडा नाहीतर खार उचलतो. कापशी घारीला लागतो गवताळ माळ. हवेत एका जागी पंख मारत ती खालचे उंदीर हेरते. तिथं प्लॉट पडले की तिचं तिथलं काम संपलं. हे सगळं 'राहतात'मध्ये कुठं येतं?

उलटतपासणी: मुळात 'शिकारी'च चूक. गिधाड मेलेलं खातं, तरी यादीत. खंड्या सूर मारून मासा धरतो, तो बाहेर!

माळरान: आकडेदार चोच आणि नख्या बघतात हो.

जुनंपान: ससाणा 'ससा'वरून आला, असं आमचे आजोबा सांगत. संस्कृतात श्येनाला, म्हणजे ससाण्यासारख्या पक्ष्याला, शशादन म्हणतातच, ससा खाणारा.

पेठकर: ओढूनताणून. उद्या घारे डोळे घारीवरून आले म्हणाल. घारीचे डोळे गडद तपकिरी असतात!

जुनंपान: म्हणणारच. आमच्या आत्याचे डोळे घारे, अख्खी आळी तिला घार म्हणायची. डब्यातला एक लाडू कमी झाला तरी तिला कळायचं.

पेठकर: ती नजर झाली. रंगाचं बोला.

टेकडीवेडा: मंडळी, रंगारी उद्या सकाळी येतोय.

उलटतपासणी: मग बहिरी ससाणाही घाला. आणि बहिरी म्हणजे कानानं नव्हे, तो फारसी 'बहरी', हेही कंसात.

पेठकर: फारसी कशाला? मराठी फलक आहे ना?

माळरान: शिक्रा हा शब्दही फारसीच, तो काय सदाशिव पेठेतला आहे?

उलटतपासणी: जुनंपान, लाडू कसले होते?

जुनंपान: डिंकाचे.