दुसरीच्या पोरांना अनान्सी सांगायचा की नाही?

धागा सुरू करणारी शिक्षिका:
मागच्या आठवड्यात वर्गात अनान्सीची गोष्ट सांगितली, घानातल्या अकान लोकांची. अनान्सी म्हणजे कोळी. आकाशदेव न्यामेकडच्या सगळ्या गोष्टी त्याला हव्या असतात आणि त्याची किंमत म्हणून अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या असं काय काय पकडून द्यायचं असतं. तर हा गांधीलमाश्यांवर पाणी ओततो, स्वतःच्या डोक्यावर केळीचं पान धरतो आणि म्हणतो, पाऊस आला गं बायांनो, शिरा या भोपळ्यात! की लगेच भोपळ्याचं तोंड बंद. पोरं बाकांवर उभी. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन, तुम्ही मुलांना फसवायला शिकवताय. मला हे अजिबात पटलेलं नाही.

एक बाबा:
मला त्या आईचं पटतं. सात वर्षांचं पोर काय बघतं, खोटं बोलला आणि वर बक्षीस मिळालं. शिवाय सारखं 'आफ्रिकेतली गोष्ट' ऐकून आमचा लेक विचारतो, बाबा तिथे शाळा असतात का.

आजी, निवृत्त मुख्याध्यापिका:
अहो, मग 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' पण बंद करा! ती म्हातारी वाघाला काय खरं सांगते? लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा, आणि येते भोपळ्यात बसून. आमच्या तीन पिढ्या त्यावर वाढल्या, कोणी लबाड झालं नाही.

नैरोबीत आठ वर्षं राहिलेली:
शाळांचा मुद्दा मात्र खरा आहे. अनान्सी घानाचा, कासव इजापा नायजेरियातल्या योरुबांचं, आणि आमच्याकडे केनियात ससा म्हणजे सुंगुरा, तरस म्हणजे फिसी. सगळं एकाच 'आफ्रिके'त कोंबू नका, नकाशा लावा, माणसांचं नाव घ्या. आणि केनियातली गोष्ट असेल तर सुरुवात तिथल्यासारखी करा ना, सांगणारा म्हणतो 'पाउक्वा', ऐकणारे ओरडतात 'पाकावा', मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा जागं होतं.

एक बाबा:
आजी, म्हातारी जीव वाचवते, अनान्सीला मालकी हवी. फरक आहे. त्यापेक्षा इग्बो लोकांची कासवाची गोष्ट घ्या, ते पक्ष्यांना फसवून सगळी मेजवानी एकटं खातं, मग पक्षी आपापली पिसं परत घेतात आणि ते आभाळातून पडून पाठ फुटते. निदान केलेलं फेडतं तरी.

धागा सुरू करणारी शिक्षिका:
कासवाची नक्की घेते. पण अनान्सी पण दर वेळी जिंकत नाही हो. तो जगातलं सगळं शहाणपण मडक्यात भरतो, मडकं पोटावर बांधून झाडावर चढायला बघतो, जमत नाही, आणि खालून त्याचा मुलगा न्तिकुमा म्हणतो, बाबा, पाठीवर बांधा की! रागाच्या भरात मडकं हातातून सुटतं आणि शहाणपण सगळ्यांना थोडं थोडं मिळतं. सोमवारी हीच सांगणार आहे, आणि सांगून झाल्यावर 'तात्पर्य' लिहून घेणार नाही. त्या आईंना ऐकायला वर्गात बोलावलंय.