मदत हवी आहे: मंडळीच्या वडिलांसाठी मराठी पुस्तके

सप्रेम सलाम. आमची नगर जिल्ह्यातली खेड्यातली ख्रिस्ती मंडळी (चर्च), साधारण ४० घरे. पाळकसाहेबांकडे (पास्टर) चार गावे, त्यामुळे ते महिन्यातून एकदाच येतात. बाकीचे रविवार आम्ही तिघे वडील, म्हणजे मंडळीतले जबाबदार सभासद (एल्डर), सांभाळतो.

उपासना चालवणे जमते. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने लोकांना पाठच आहेत. अडतो ते आजाऱ्याच्या उशाशी आणि मयताच्या घरी. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१४) दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे आहे. लोक खरोखर बोलावतात, आणि तिथे काय बोलावे, कुठे गप्प बसावे हे आम्हांला कुणी शिकवलेले नाही. तरुण मुलगा गेलेल्या घरी तर शब्दच सुचत नाहीत.

दोन ख्रिस्ती पुस्तकालयांत विचारले. प्रचाराच्या पत्रिका आणि शास्त्रावरचे (बायबलवरचे) विवरण मिळाले, पण या विषयावरचे पुस्तक नाही. इंग्रजी पुस्तक एका कॉलेजच्या मुलाकडून वाचून घेतले, पण त्यातली उदाहरणे आमच्या घरांना लागू पडेनात.

आमच्यातले दोघे सातवीपर्यंत शिकलेले, म्हणून भाषा सोपी हवी. जुने, छपाई बंद झालेले असले तरी झेरॉक्स चालेल. खर्च पाचशेपर्यंत.

आजारी-भेट आणि शोकसांत्वन यांवर मूळ मराठीत लिहिलेले एखादे पुस्तक कुणी स्वतः वापरले आहे का, आणि ते कुठे मिळेल?